'अ‍ॅडजस्ट कर ना' म्हणणाऱ्या मॅनेजरला काय सांगायचं?

(उल्हासनगर कॅम्प १ इथं नोकरी करणाऱ्या तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



रविवारी दुपारी तुम्ही इतके जण आलात, म्हणजे निदान तुमचा तरी आज वीक-ऑफ आहे. जे येतो म्हणाले आणि आले नाहीत, त्यांच्यातल्या निम्म्यांना काल रात्री ग्रुपवर मेसेज आला असणार, 'कल आना पड़ेगा.' तीन शब्द. खाली एक अंगठा टाकायचा आणि गजर लावून झोपायचं.

आज मला याच मेसेजबद्दल बोलायचं आहे. पगार कमी, काम जास्त, हे विषय मोठे आहेत, ते पुढं कधीतरी घेऊ. आजचा प्रश्न छोटा वाटतो. नोकरीला लागताना तुम्ही सांगितलं होतं की मी या वेळेला येऊ शकतो, या वेळेला येऊ शकत नाही. संध्याकाळी कॉलेज आहे. शुक्रवारी दुपारी एक तास हवा. रात्री नऊच्या आत घरी पोचावं लागतं. मॅनेजर म्हणाला, हो हो, काही टेन्शन नाही. आणि दुसऱ्याच आठवड्यात रोस्टरमध्ये तुमच्या नावापुढं नेमकी तीच वेळ. विचारलं तर उत्तर एकच, 'अ‍ॅडजस्ट कर ना यार.'

हा प्रश्न छोटा का नाही ते सांगतो. ठाण्याच्या एखाद्या मॉलमध्ये काम करणारी कॅम्प १ ची मुलगी डोळ्यांसमोर आणा. दुकान रात्री दहाला बंद होतं. मग कॅश जुळवायची, स्टॉक लावायचा, बॅग तपासून घ्यायची, तेव्हा कुठं बाहेर. गाडीनं कल्याणपर्यंत ठीक. कल्याणनंतर लाइन फुटते. अंबरनाथ-बदलापूरवाले कर्जतकडं जातात. आपल्याला शहाडला उतरायचं, म्हणजे टिटवाळा, आसनगाव नाहीतर कसारा गाडीची वाट बघायची. त्यानंतर रिक्षा. घरी पोचेपर्यंत बारा. ही नोकरी तिला मिळाली कशी? घरात आठ दिवस चर्चा होऊन. अम्मी तिच्या बाजूनं बोलली, मामूंनी शब्द टाकला, आणि अब्बा म्हणाले, ठीक आहे, पण नऊच्या आत घरात पाहिजेस. त्या एका वेळेवर सगळा सौदा झालेला असतो. मॅनेजरनं रोस्टरमध्ये एक चौकोन बदलला, इकडं घरातला करारच मोडला. दोन वेळा क्लोजिंग लागतं, तिसऱ्या वेळी भाऊ स्टेशनवर घ्यायला येतो, चौथ्या वेळी नोकरी सुटते.

मग दोन गोष्टी बोलल्या जातात. मोहल्ल्यात म्हणतात, बघा, मुलींना नोकरी झेपत नाही. दुकानात म्हणतात, मुस्लिम मुली टिकत नाहीत. रोस्टरचं नाव कुणीच काढत नाही.

मुलींना एक प्रश्न मात्र विचारून ठेवतो. नऊची ही वेळ तुमची आहे की घरच्यांची? घरच्यांची असली तर ती वाढवून घेण्याचं बोलणं घरात करायचं आहे, मॅनेजरशी नाही. दोन्हीकडची लढाई एकदम लढता येत नाही. आणि घरच्यांनी परवानगी दिलेली असो वा नसो, तुम्हाला स्वतःला रात्री बाराला शहाड स्टेशनबाहेर एकटीनं उभं राहायचं नसेल, तर तेवढं कारण पुरेसं आहे.

आता जरा मागं जातो. आपल्या आधीच्या पिढीनं इथं पाळीत काम केलं. सेंच्युरी रेयॉन असो, अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी असो, एमआयडीसीतले कारखाने असोत. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. काम अवघड होतं, तब्येतीची वाट लागायची, पण पुढच्या आठवड्यात कुठली पाळी हे माणसाला माहीत असायचं. फॅक्टरीज अ‍ॅक्ट १९४८ चा. त्यात कामाच्या वेळांचा तक्ता कारखान्यात लावायलाच हवा असं स्पष्ट लिहिलेलं होतं. कामगार तो बघून लग्नाची तारीख ठरवायचा, पोराच्या शाळेत जायचा. आज तुमच्या हातात स्मार्टफोन आहे आणि उद्या सकाळी कुठं असू हे तुम्हाला आज रात्री अकरापर्यंत माहीत नसतं. याला प्रगती म्हणायचं असेल तर म्हणा.

पाळीच्याही आधी साधी साप्ताहिक सुट्टीसुद्धा नव्हती. ती कुणी मिळवून दिली हे इथल्या किती जणांना माहीत आहे? नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली. त्याच वर्षी मुंबईच्या साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं गेलं. त्यातल्या मागण्या बघा. रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम. पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. म्हणजे निम्म्याहून जास्त मागण्या वेळेच्या होत्या. सहा वर्षं गेली. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत हजारो कामगारांची सभा झाली, तिच्यात बायकांनीही भाषणं केली. आणि १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

यातून मी दोनच गोष्टी उचलतो. एक, मागणी कागदावर होती आणि खाली सह्या होत्या. दोन, मागणी सगळ्यांसाठी होती. त्या गिरण्यांच्या विणकाम खात्यात आपले मोमीन विणकरही होते. त्यांचा दिवस शुक्रवार, सुट्टी मिळाली रविवारी. पण मिळाली. हेच लोखंडे १८९३ च्या मुंबईतल्या हिंदू-मुस्लिम दंगलीनंतर सलोख्यासाठी कामगारांमध्ये फिरले. आपल्या पुस्तकांत या माणसाला चार ओळी मिळतात, हे वाईट आहे.

आता कायदा. आमच्या बैठकीत कायदा म्हटलं की पोरं मोबाइल काढतात, म्हणून थोडक्यात आणि कामाचं तेवढंच सांगतो.

दुकानं, मॉल, ऑफिसं, हॉटेलं यांना लागू होणारा महाराष्ट्राचा कायदा २०१७ चा आहे, दुकाने व आस्थापना कायदा. २०२५ मध्ये राज्य सरकारनं तो बदलला. रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १० वर नेली. तीन महिन्यांतला ओव्हरटाइम १२५ तासांवरून १४४ केला. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, पूर्वी १० कामगार असले की कायदा लागायचा, आता २० लागतात. गजानन मार्केट, जपानी बाजार, फर्निचर बाजार डोळ्यांसमोर आणा आणि स्वतः हिशेब करा, वीस नोकर असलेली दुकानं किती आहेत. म्हणजे मॉल, मोठी साखळी दुकानं, गोदामं, कॉल सेंटर इथं काम करणाऱ्यांना कायद्याचा आधार आहे. शेठच्या दुकानात सहाव्या नंबरवर असणाऱ्याला त्यातला बराचसा नाही. त्याच्याकडं मी नंतर येतो.

ज्यांना लागू आहे त्यांनी हे लक्षात ठेवा. आठवड्याला ४८ तास, ही मर्यादा बदललेली नाही. त्यावर काम झालं तर दुप्पट दरानं पैसे. आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी. ती दिली नाही तर दोन महिन्यांच्या आत बदली सुट्टी. वर्षाला आठ दिवस पगारी किरकोळ रजा. आणि शिफ्टप्रमाणे कामाच्या वेळा कामगारांना लेखी कळवायच्या, असं या कायद्यात आहे. तोंडी नाही, लेखी.

तुम्ही सांगितलेली वेळ पाळलीच पाहिजे, असं मात्र कायद्यात कुठं लिहिलेलं नाही. शुक्रवारच्या नमाजसाठी खासगी मालकानं वेळ द्यायलाच हवा, असाही थेट कायदा आपल्याकडं नाही. घटनेतलं धर्मस्वातंत्र्य सरकारला बांधतं, मॉलच्या मॅनेजरला तसं थेट बांधत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी काही फॉरवर्ड केलं असेल तर ते मनातून काढून टाका. चुकीचा कायदा घेऊन मॅनेजरसमोर गेलात तर बरोबर असलेला कायदाही तो ऐकणार नाही.

दोन जागा मात्र अशा आहेत जिथं तुमच्या 'हो' किंवा 'नाही'ला कायद्यात किंमत आहे. पहिली, रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला कामावर ठेवायचं असेल तर तिची संमती लागते, आणि तिच्या सुरक्षेची, घरी पोचवण्याच्या वाहनाची सोय लागते. केंद्राच्या नव्या कामगार संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाल्या, त्यांतही रात्रीच्या कामाला बाईची संमती आहेच. आता गंमत बघा. बऱ्याच नेमणूकपत्रांत सातव्या-आठव्या पानावर एक ओळ असते की मी कुठल्याही शिफ्टमध्ये काम करायला तयार आहे. तुम्ही सही करून टाकता. मग मॅनेजर म्हणतो, संमती तर दिली आहेस. ती ओळ शोधा. सही करण्याआधी शोधा.

दुसरी जागा सणांची. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या चार पगारी सुट्ट्या ठरलेल्या. आणखी चार सणांच्या सुट्ट्या मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसात ठरवायच्या आहेत. तुमच्यापैकी किती जणांना डिसेंबरमध्ये कुणी विचारलं की तुमचे चार सण कोणते? एकही हात वर नाही. मग ईदच्या आदल्या रात्री चंद्र दिसल्यावर 'सर, उद्या सुट्टी मिळेल का' असा मेसेज जातो, आणि सर म्हणतात, आत्ता सांगतोस? सरांचंही एका अर्थी बरोबर असतं. ही यादी डिसेंबरमध्ये मागा. एकट्यानं मागू नका. तुमच्या दुकानातल्या सिंधी सहकाऱ्याला चेटीचंड हवा असतो, बौद्ध मित्राला १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर, कोकणातल्या पोराला गणपतीत गावी जायचं असतं. सगळे मिळून बसा, कागदावर लिहा, चारपेक्षा जास्त निघाले तर बदलाबदली ठरवा. 'दिवाळीत तुझं क्लोजिंग मी करतो, ईदला माझं तू कर.' हे आपल्याकडं दुकानादुकानांत चालत आलेलं आहे, फक्त ते आधी ठरवायचं आणि मॅनेजरला लिहून द्यायचं.

आता खऱ्या अडचणीकडं येतो. ती मॅनेजरपासून सुरू होत नाही, इंटरव्ह्यूपासून होते. समोरचा विचारतो, कुठल्या शिफ्टला येऊ शकशील? आणि आपण म्हणतो, 'एनी टाइम, सर.' नोकरी हवी असते, बाहेर अजून तीस जण बसलेले असतात. मी समजू शकतो. पण त्याच्या फॉर्मवर 'एनी टाइम' लिहिलं जातं आणि नंतर तुम्ही चहाच्या टपरीवर त्याला तोंडी सांगता की गुरुवारी जमत नाही. उद्या तो बदलून दुसरा मॅनेजर आला तर त्याच्याकडं फक्त फॉर्म असतो. म्हणून इंटरव्ह्यूमध्येच खरी वेळ सांगा आणि फॉर्मवर तीच लिहा. त्यानं नोकरी नाही मिळाली तर? कधीकधी नाही मिळणार. पण जी नोकरी तुमच्या वेळेत बसतच नव्हती ती दोन महिन्यांनी जाणारच होती, आणि वर अनुभवाचं पत्रही मिळालं नसतं.

लिहून ठेवण्याबद्दल आपल्या घरांत एक संकोच असतो. लिहून मागितलं तर समोरच्याला वाटेल, माझ्यावर विश्वास नाही. शेठ तर म्हणतोच, 'अपने में क्या लिखना.' कुरआनची सगळ्यात लांब आयत कशाबद्दल आहे? सूरह बकराची २८२ वी. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, लिहिणाऱ्यानं इन्साफानं लिहावं, साक्षीदार ठेवावेत, रक्कम लहान की मोठी म्हणून लिहायचा कंटाळा करू नये, असा तिचा आशय. दोन भल्या माणसांमधल्या व्यवहारालाही हे लागू आहे. लिहिण्यात अविश्वास नाही. उद्या विसर पडला तर भांडण होऊ नये, म्हणून लिहायचं.

काय लिहायचं? एक नमुना वाचून दाखवतो, हवा तर फोटो काढा.

'सर, जॉइन होताना मी फॉर्मवर लिहिलं आहे की मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सहानंतर माझं कॉलेज असतं. या आठवड्याच्या रोस्टरमध्ये गुरुवारी मला क्लोजिंग आहे. गुरुवारी मी सहापर्यंत थांबू शकतो. त्याऐवजी शनिवारचं क्लोजिंग घेतो. काय ठरलं ते कळवा.'

एवढंच. यात राग नाही, गयावयाही नाही. 'सॉरी सर, प्लीज सर, घरी प्रॉब्लेम आहे सर' असलं काही नाही. आधी काय ठरलं होतं ते आहे, आता काय झालं ते आहे, आणि तुम्ही काय देऊ शकता ते आहे. हा मेसेज रोस्टर आल्या आल्या पाठवायचा, गुरुवारी सकाळी नाही. ग्रुपवर नाही, त्याला एकट्याला. ग्रुपवर टाकलात तर तो चार लोकांसमोर माघार घेणार नाही. त्यानं फोन करून काही सांगितलं तर फोन ठेवल्यावर दोन ओळी लिहा, 'आत्ता फोनवर बोलल्याप्रमाणे या गुरुवारी मी सहाला निघेन.' बस.

आणि त्यानं उत्तरच दिलं नाही तर? मग वरच्या माणसाला किंवा एचआरला तोच मेसेज, तारखेसकट, मेलवर. तरीही गुरुवारी सांगितल्याशिवाय दांडी मारू नका. तुम्ही न सांगता गैरहजर राहिलात की विषयच बदलतो. कालपर्यंत चर्चा रोस्टरची होती, आजपासून तुमच्या गैरहजेरीची. जायचं असेल तर सहापर्यंत काम करा, सांगून निघा, लिहून निघा.

शुक्रवारबद्दल वेगळं बोललं पाहिजे, कारण आपली पोरं तिथंच सगळ्यात जास्त अडखळतात. एकतर विचारतच नाहीत, महिनोन्महिने जुमा सोडतात आणि आतल्या आत कुढतात. नाहीतर एकदम धर्माचा विषय करतात. दोन्हींची गरज नाही. सूरह जुमामध्ये नमाजची हाक आली की व्यापार सोडून या असं आहे, आणि लगेच पुढं, नमाज झाली की जमिनीवर पांगा आणि रोजी शोधा असंही आहे. म्हणजे दिवसभराची सुट्टी कुणी मागितलेलीच नाही. मागायचं काय? जेवणाची सुट्टी. ती कायद्यानंच अर्धा तास आहे. शुक्रवारपुरती ती जमाअतच्या वेळेला सरकवून मागा, वर लागणारी वीस-पंचवीस मिनिटं संध्याकाळी भरून देतो म्हणा. सगळ्या मशिदींत जमाअत एकाच वेळी नसते. कामाच्या जागेजवळच्या दोन-तीन मशिदींच्या वेळा काढा आणि दुकानात गर्दी कमी असते ती वेळ निवडा. मॅनेजरला 'नमाजला सोडा' ऐकू आलं तर तो वर कुणाला तरी विचारायला जातो. 'शुक्रवारी माझा लंच पावणेदोनला लावा' ऐकू आलं तर तो स्वतः लावून टाकतो. यात लपवण्यासारखं काही नाही, विचारलं तर सरळ सांगा नमाजला जातो म्हणून.

रमजानचंही तसंच. दर वर्षी तो साधारण १० ते ११ दिवस अलीकडं सरकतो, हे तुमच्या मॅनेजरला माहीत नसतं. त्याला वाटतं, तुम्ही दर वर्षी नवीन तारीख काढता. महिनाभर आधी तारखा, इफ्तारच्या वेळा लिहून द्या. ईद चंद्रावर असल्यामुळं दोन्ही संभाव्य दिवस कळवा आणि यातला एकच घेईन असं लिहा.

हे सगळं करूनही एखादा माणूस मुद्दाम त्रास देतो का? देतो. असे आहेत. पण ते ओळखायचं कसं? फक्त मनाला वाटतं म्हणून नाही. दोन महिन्यांच्या रोस्टरचे स्क्रीनशॉट ठेवा. बाकीच्यांनी मागितलेले बदल मिळतात आणि तुमचेच अडतात का ते बघा. दहातल्या नऊ वेळा तुम्हाला दिसेल की तो सगळ्यांनाच नाचवतो आहे. कारण त्याच्याकडं बारा माणसांचं काम आणि आठ माणसं आहेत, आणि त्याचा वीक-ऑफही वरून कुणीतरी खातं. तसं असेल तर तुमची बाजू एकट्या मुसलमानाची नाही. लहान मूल असलेल्या ताईची आहे, एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्याची आहे, मुक्त विद्यापीठाचे रविवारचे वर्ग बुडणाऱ्याची आहे. सगळ्यांचं एकच पत्र जाऊ द्या, रोस्टर सात दिवस आधी द्या म्हणून. आणि दहावी वेळ निघाली, अडवणूक तुमचीच होते आहे असं दिसलं, तर ते स्क्रीनशॉट घेऊन आमच्याकडं या. तेव्हा बोलायला हातात काहीतरी असेल. मॅनेजरचा व्हिडिओ काढून व्हायरल करू नका. पहिल्या तासात तुमची नोकरी जाते आणि संध्याकाळपर्यंत तो वाद तुमचा राहत नाही, दोन्हीकडचे लोक तो उचलून घेऊन जातात.

बाहेरच्या जगातली दोन उदाहरणं देतो. अमेरिकेत ओरेगन राज्यानं २०१७ मध्ये कायदा केला. मोठ्या दुकानांनी आणि हॉटेलांनी रोस्टर आधी द्यायचं, सुरुवातीला सात दिवस, २०२० पासून चौदा दिवस आधी. कामावर घेतानाच साधारण किती तास असतील ते लेखी द्यायचं. कामगारानं आपल्या अडचणीच्या वेळा सांगितल्या म्हणून त्याला शिक्षा करायची नाही. दुसरं उदाहरण जेराल्ड ग्रॉफ नावाच्या पोस्टमनचं. तो कट्टर ख्रिस्ती, रविवारी काम करणार नाही म्हणाला. पोस्टानं त्याच्यावर कारवाई केली, त्यानं २०१९ मध्ये राजीनामा दिला आणि कोर्टात गेला. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं एकमतानं सांगितलं, धर्मासाठी मागितलेली सवलत नाकारायची तर त्यामुळं धंद्यावर मोठा बोजा पडतो हे मालकानं दाखवायला हवं, नुसती थोडी गैरसोय चालणार नाही. ग्रॉफच्या बाजूनं मुस्लिम, शीख, ज्यू संघटनाही उभ्या राहिल्या, एका ख्रिस्ती माणसाच्या रविवारसाठी. असा कायदा आपल्याकडं नाही, हे मी मघाशी सांगितलं. पण तो मागायला कुणी अडवलेलं नाही. रोस्टर आधी मिळण्याचा कायदा महाराष्ट्रात झाला तर सगळ्या जातीधर्माच्या पोरांना तो लागेल, आणि त्यासाठी सह्या गोळा करणं आपल्या आवाक्यातलं काम आहे.

डिलिव्हरीवाल्या भावांनो, तुमचं मी विसरलेलो नाही. तुमचा मॅनेजर अ‍ॅपमध्ये आहे. तो 'अ‍ॅडजस्ट कर' म्हणत नाही, फक्त तुम्ही नको त्या वेळेला लॉग-आउट केलंत की इन्सेंटिव्ह खातो. त्याच्याशी बोलायला माणूसच नाही. हा विषय वेगळा आहे आणि त्यावर वेगळी बैठक घेऊ.

शेठच्या दुकानातला सहाव्या नंबरचा माणूस राहिला. त्याच्याकडं एचआर नाही, फॉर्म नाही, नेमणूकपत्र नाही. हे गाव लष्कराच्या रिकाम्या छावण्यांत, सगळं गमावून आलेल्या माणसांनी उभं केलं. दुकान बंद ठेवणं इथल्या जुन्या माणसाला परवडलंच नाही, आणि तो नोकराकडूनही तीच अपेक्षा करतो. पण तिथं एक फायदा आहे, निर्णय घेणारा माणूस समोर गल्ल्यावर बसलेला आहे. त्याच्याशी गर्दीच्या वेळी बोलू नका. सकाळी दुकान उघडताना बोला. 'शेठ, परीक्षा या तारखांना आहे, तेवढे दिवस दुपारनंतर येतो, रविवारी पूर्ण दिवस देतो.' तो हो म्हणाला की त्याच्याच समोर दुकानाच्या कॅलेंडरवर तारखांना गोल करा. तेच तुमचं रोस्टर. शेठ स्वतः रोज त्याच कॅलेंडरकडं बघतो.

आणि कुठंच काही जमलं नाही तर नोकरी सोडायची का? तुमचं घर तुमच्या पगारावर चालतं की नाही ते मला माहीत नाही, म्हणून मी इथून सोडा म्हणणार नाही. इतकंच म्हणेन की रागात सोडू नका. आधी दुसरी बघा. लेखी राजीनामा द्या, नोटीसचे दिवस भरा, राहिलेल्या रजांचे आणि ओव्हरटाइमचे पैसे मागा, अनुभवाचं पत्र घ्या. अचानक गायब होणाऱ्याचे पैसे अडवणं सगळ्यांत सोपं असतं. पैसे अडवले तर कामगार विभागाच्या कार्यालयात तक्रार करता येते, तिथं अर्ज मराठीतच द्यायचा. आपला कुणीतरी तुमच्याबरोबर येईल.

आता चहा तयार आहे. ज्यांच्या मोबाइलमध्ये नेमणूकपत्र आहे त्यांनी ते उघडून ठेवा, मी प्रत्येक टेबलावर येतो, ती 'कुठल्याही शिफ्टमध्ये' वाली ओळ आपण मिळून शोधू. ज्यांना नेमणूकपत्र मिळालेलंच नाही त्यांनी दाराजवळच्या वहीत नाव आणि कामाला लागल्याची तारीख लिहा. कंपनीचं नाव तिथं लिहू नका, वही सगळ्यांच्या हातात जाते.